पोटाचा कॅन्सर घराण्यात आहे का? जनुक-चाचणी कोणत्या क्रमाने करावी

घरात कुणाला जठराचा कॅन्सर निघाला की थोड्याच दिवसांत एखादे धडधाकट भावंड ऑनलाइन किट मागवते, नळीत थुंकते आणि महिन्याभराने 'निगेटिव्ह' लिहिलेला कागद घरभर फिरतो. सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्या कागदावरून बहुतेक वेळा काहीच ठरत नाही. प्रयोगशाळेचे काही चुकलेले नसते. चुकलेला असतो क्रम: ज्याची चाचणी आधी व्हायला हवी होती त्याची झालेली नसते, आणि नेमके काय शोधायचे हे कुणी ठरवलेले नसते.

खालचा क्रम पाळला तर चाचणी पाचव्या पायरीवर येते. पहिली पायरी कपाटातल्या जुन्या फाइली काढण्याची आहे.

सावधान: तुम्हाला स्वतःला गिळायला त्रास होत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, सतत उलट्या होत असतील किंवा कारण न सापडणारा अ‍ॅनिमिया असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. अशा वेळी एंडोस्कोपी लागते. जनुक-चाचणी आज पोटात काय चालले आहे ते सांगत नाही.

## पायरी १: 'पोटाचा कॅन्सर' म्हणजे नेमका कुठला, हे ठरवा

मराठीतला 'पोट' हा शब्द इथे सगळ्यात मोठा घोळ घालतो. जठर, आतडे, यकृत, स्वादुपिंड, बीजांडकोश, गर्भाशय यांतले काहीही बिघडले तरी घरात 'पोटाचंच होतं' असे सांगितले जाते. 'पोटात पाणी झालं होतं', 'पोटात गाठ होती', 'शेवटी कावीळ झाली' या वर्णनांवरून अवयव ठरत नाही. पोटात पाणी तर बीजांडकोशाच्या कॅन्सरमध्येही होते आणि यकृताच्या साध्या आजारातही. आजीला बीजांडकोशाचा कॅन्सर होता की जठराचा, यावर संशयाची जनुकेच बदलतात. म्हणून ऐकीव माहितीवर थांबू नका.

हे कागद मिळवा:

- बायॉप्सीचा किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट. सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच.
- एंडोस्कोपीचा रिपोर्ट, शक्यतो फोटोंसह.
- रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला सारांश.
- आधी कधी कुणाची जनुक-चाचणी झाली असेल तर तिचा संपूर्ण रिपोर्ट. 'पॉझिटिव्ह आली होती' एवढी तोंडी बातमी उपयोगाची नाही.

पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये एक गोष्ट शोधायची: कॅन्सर 'इंटेस्टिनल' प्रकारचा आहे की 'डिफ्यूज'. इंटेस्टिनल प्रकारात पेशी ग्रंथींसारखी रचना करून वाढतात आणि बहुधा दिसण्यासारखी गाठ किंवा व्रण होतो. डिफ्यूज प्रकारात पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत, सुट्या सुट्या जठराच्या भिंतीत पसरतात. रिपोर्टवर 'डिफ्यूज' हा शब्द नसेलही. त्याऐवजी 'सिग्नेट रिंग सेल', 'पुअरली कोहेसिव्ह' किंवा 'लिनायटिस प्लॅस्टिका' लिहिलेले असू शकते. यांतला कुठलाही शब्द दिसला तर त्याखाली रेघ मारून ठेवा. पुढचे बरेचसे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

रिपोर्ट हरवला असेल तर निराश होण्याआधी बायॉप्सी जिथे तपासली त्या प्रयोगशाळेत विचारा. ऊतीचे मेणात बसवलेले तुकडे, ज्यांना सगळे 'ब्लॉक' म्हणतात, पुष्कळदा बरीच वर्षे जपून ठेवलेले असतात. त्यांतून नव्या काचा काढून पुन्हा तपासता येतात.

नेहमीची चूक: स्तनातल्या दूध बनवणाऱ्या ग्रंथींत सुरू होणाऱ्या 'लोब्युलर' कॅन्सरच्या रिपोर्टवर 'ई-कॅडहेरिन निगेटिव्ह' (पेशींना जोडून धरणारे हे प्रथिन गाठीत दिसले नाही) असे लिहिलेले असते. ते वाचून काही जण आनुवंशिक दोष नाही असे समजतात, तर काही जण नेमका तोच सापडला असे. दोन्ही चूक. तो शेरा फक्त गाठीतल्या पेशींबद्दल आहे आणि लोब्युलर प्रकारात तसे होणे नेहमीचेच आहे. जन्मतः मिळालेल्या जनुकाबद्दल त्यातून काही कळत नाही.

## पायरी २: वंशावळ काढा, पण रक्ताची

तीन पिढ्या हव्यात: तुमची भावंडे व मुले, आई-वडील व त्यांची भावंडे, आणि दोन्हींकडचे आजी-आजोबा. आपल्या भाषेचा इथे फायदा होतो. काका, आत्या, मामा, मावशी म्हटले की बाजू आपोआप कळते. चुलत, आते, मामे, मावस भावंडांचेही तसेच. कागदाच्या डाव्या अंगाला वडिलांकडचे आणि उजव्या अंगाला आईकडचे लिहा, आणि दोन्ही बाजूंचे कॅन्सर एकत्र मोजू नका. वडिलांकडे एक आणि आईकडे एक म्हणजे 'घराण्यात दोन' असे होत नाही.

काकू आणि मामी वंशावळीत येतात, पण रक्ताच्या नात्यात येत नाहीत. काकूला झालेल्या जठराच्या कॅन्सरचा तुमच्या जनुकांशी संबंध नाही. तिच्या मुलांच्या, म्हणजे तुमच्या चुलत भावंडांच्या जनुकांशी मात्र आहे. आई-वडिलांचे लग्न नात्यातच झाले असेल तर तेही लिहा.

प्रत्येक व्यक्तीपुढे एवढे हवे: कॅन्सर कुठल्या अवयवाचा, कुठल्या प्रकाराचा, निदान कितव्या वर्षी झाले, आणि व्यक्ती हयात आहे का. निदानाचे वय आणि मृत्यूचे वय यांची सर्रास गल्लत होते. 'बावन्नाव्या वर्षी गेले' यावरून निदान पन्नाशीच्या आत झाले की नंतर, हे ठरत नाही, आणि पुढच्या पायरीत तोच फरक निर्णायक ठरतो. ज्यांना कॅन्सर झालाच नाही त्यांचीही वये लिहा. ऐंशी ओलांडलेली पाच निरोगी भावंडे ही मोलाची माहिती आहे.

आता जठराबाहेरच्या खुणा. लोक या वगळतात, कारण त्यांचा पोटाशी संबंध असेल असे वाटतच नाही:

- स्तनाचा लोब्युलर कॅन्सर, विशेषतः दोन्ही बाजूंचा.
- जन्मतः दुभंगलेला ओठ किंवा टाळू.
- मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर.
- जठरात किंवा आतड्यात पुष्कळ पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेले कोंब.
- लहानपणी ओठांवर व तोंडाच्या आतल्या बाजूला काळसर ठिपके. ओठांवरचे ठिपके वयाबरोबर फिके होतात, म्हणून जुने फोटो पाहा.
- वारंवार घोळणा फुटणे आणि सोबत पॉलिप.
- कमी वयातला सार्कोमा (हाड, स्नायू, चरबी यांसारख्या ऊतींचा कॅन्सर), मेंदूची गाठ किंवा अधिवृक्क ग्रंथीचा कॅन्सर.

तपासा: लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि त्यांची मुले राहून गेली आहेत का? आडनाव बदलले की माणसे वंशावळीतून गळतात. दोषी जनुक मुलगे-मुली दोघांकडेही सारखेच जाते आणि बापाकडून लेकीला मिळते. 'स्तनाचा कॅन्सर म्हणजे आईकडून आलेला' हा समज याच पायरीवर सगळ्यात जास्त नुकसान करतो.

## पायरी ३: चित्र कुठल्या प्रकारात बसते ते पाहा

जठराच्या एकूण कॅन्सरपैकी साधारण १० टक्के कुटुंबांत पुन्हा पुन्हा दिसतात. ओळखता येणारा एका जनुकाचा दोष मात्र जेमतेम १ ते ३ टक्क्यांत असतो. मधल्या फरकाचे बरेचसे स्पष्टीकरण एका छताखाली वाढलेल्यांना लागलेला तोच जंतू, तेच खाणे आणि तोच धूर यांत असते. त्यामुळे घरात दोघांना झाला म्हणजे जनुकातच दोष, असा निष्कर्ष लगेच काढू नका.

सगळ्यात जास्त अभ्यासलेला प्रकार म्हणजे आनुवंशिक डिफ्यूज जठर कर्करोग. यात सीडीएच१ या जनुकात, आणि क्वचित सीटीएनएनए१ मध्ये, दोष असतो. सीडीएच१ पासून ई-कॅडहेरिन हे प्रथिन बनते. पेशींना एकमेकींशी जोडून धरणारे ते बक्कल आहे. एक प्रत जन्मतः बिघडलेली असते. पुढे एखाद्या पेशीत दुसरीही निकामी झाली की ती पेशी शेजारणींपासून सुटते. चाचणी कधी करावी याचे निकष आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२० मध्ये सुधारले. त्यांतले मुख्य असे:

- जवळच्या रक्ताच्या नात्यात जठराचे किमान दोन कॅन्सर, कुठल्याही वयात, आणि त्यांतला एक तरी डिफ्यूज प्रकारचा.
- एकाला डिफ्यूज जठर कर्करोग कुठल्याही वयात, आणि दुसऱ्या कुणाला ७० च्या आत स्तनाचा लोब्युलर कॅन्सर.
- दोघींना ५० च्या आत स्तनाचा लोब्युलर कॅन्सर.
- एकाच व्यक्तीला ५० च्या आत डिफ्यूज जठर कर्करोग. घराण्यात दुसरे कुणी नसले तरी.
- डिफ्यूज जठर कर्करोग आणि त्याच व्यक्तीला किंवा तिच्या पहिल्या नात्यात (आई-वडील, भावंडे, मुले) दुभंगलेला ओठ वा टाळू.
- एकाच व्यक्तीला डिफ्यूज जठर कर्करोग आणि लोब्युलर स्तनाचा कॅन्सर, दोन्ही ७० च्या आत.
- ७० च्या आत दोन्ही स्तनांचा लोब्युलर कॅन्सर.

बाकीची चित्रे थोडक्यात. आतडे आणि गर्भाशयाचे अस्तर यांचे कॅन्सर घराण्याच्या एकाच बाजूला दिसले तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे या कॅन्सरांचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाचा, संशय घ्यावा. त्याची जनुके एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ आणि एपकॅम. ओठांवरच्या ठिपक्यांमागे एसटीके११ असू शकते. घोळणा फुटणे आणि पॉलिप एकत्र असतील तर एसएमएडी४. सार्कोमा, मेंदूची गाठ आणि कोवळ्या वयातला स्तनाचा कॅन्सर एकाच घरात असतील तर टीपी५३. जठराच्या वरच्या व मधल्या भागात पॉलिपांचा गालिचा आणि खालचा भाग मोकळा, असे असेल तर एपीसी जनुकाच्या एका विशिष्ट नियामक भागात दोष असू शकतो. हा शेवटचा प्रकार पुढे चाचणी निवडताना आठवणीत ठेवा.

सावधान: आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही जठराच्या वरच्या भागात पॉलिप येतात. पॉलिप पाहून आनुवंशिकतेचा शिक्का मारण्याआधी गोळ्यांचा इतिहास सांगा. डॉक्टर कधी कधी गोळ्या थांबवून पुन्हा एंडोस्कोपी करतात.

## पायरी ४: आधी कुणाची चाचणी, हे ठरवा

सगळा लेख या एका पायरीसाठी लिहिला आहे. चाचणी आधी ज्याला कॅन्सर झाला आहे त्याची करायची असते.

कारण सरळ आहे. समजा वडिलांना पंचेचाळिसाव्या वर्षी डिफ्यूज कॅन्सर झाला आणि निरोगी मुलीने चाचणी करून घेतली. ती निगेटिव्ह आली. याचे किमान दोन अर्थ निघतात. एक: वडिलांच्या जनुकात दोष होता, पण पन्नास टक्के शक्यतेतून ती सुटली. दोन: वडिलांमध्ये दोष आहे, पण या चाचणीला तो दिसतच नाही, मग मुलीमध्ये असला तरी दिसला नसता. कागद दोन्हींत सारखाच येतो. वडिलांची चाचणी आधी झाली असती आणि त्यांच्यात दोष सापडला असता, तर मुलीचा निगेटिव्ह निकाल खरोखर 'सुटली' असा वाचता आला असता.

कॅन्सर झालेली व्यक्ती हयात असेल तर वेळ दवडू नका. उपचारांच्या धामधुमीत हा विषय काढणे जिवावर येते, ते समजण्यासारखे आहे. पण रक्ताची एक नळी डीएनए काढून जपून ठेवता येते, चाचणीचा निर्णय नंतर घेतला तरी चालतो. ती व्यक्ती आता नसेल तर जुना ब्लॉक वापरता येतो का ते विचारा. जुन्या ब्लॉकमधला डीएनए झिजलेला असतो, म्हणून हा मार्ग दर वेळी यशस्वी होत नाही. तोही बंद असेल तर आजारी व्यक्तीच्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकाची चाचणी करावी, आणि निगेटिव्ह निकालाची मर्यादा आधीच लिहून ठेवावी.

नेहमीची चूक: औषध निवडण्यासाठी गाठीची जनुक-तपासणी झालेली असते आणि घरचे समजतात की आनुवंशिक चाचणी झाली. गाठीत सापडलेले बहुतेक बदल गाठीतच तयार झालेले असतात आणि मुलांकडे जात नाहीत. त्यांतला एखादा जन्मतःचा असू शकतो. ते ठरवायला रक्ताची किंवा लाळेची वेगळी चाचणी लागते. एमएलएच१ प्रथिन गाठीत दिसत नाही, असा शेरा असला तरी तोच नियम.

## पायरी ५: चाचणी मागवताना हे प्रश्न विचारा

हे काम शक्यतो जनुकीय समुपदेशकाबरोबर करा. तो नसेल तर ऑन्कोलॉजिस्ट किंवा जनुकतज्ज्ञ चालतील. वंशावळ आणि रिपोर्ट सोबत न्या. आजकाल एकच जनुक न तपासता अनेक जनुकांचे 'पॅनेल' मागवतात आणि जठरासाठी ते योग्यही आहे, कारण चित्रे एकमेकांत मिसळलेली असतात. पण 'कॅन्सर पॅनेल' हे नाव पाहून थांबू नका. विचारा:

१. यादीत सीडीएच१ बरोबर सीटीएनएनए१ आहे का? पुष्कळ पॅनेलांत ते नसते.

२. जनुकाचा मोठा तुकडा गळालेला किंवा दुप्पट झालेला असेल तर ही पद्धत ते पकडते का?

३. पॉलिपांचा गालिचा असेल तर: एपीसीचा 'प्रमोटर १बी' हा भाग वाचला जातो का? साध्या पद्धती जनुकाचा प्रथिन बनवणारा भाग वाचतात, हा भाग त्याच्या बाहेर आहे. मुद्दाम मागितला नाही तर तो न वाचताच 'निगेटिव्ह' येते.

४. पीएमएस२ साठी वेगळी पद्धत वापरता का? या जनुकाची जवळजवळ हुबेहूब पण निकामी नक्कल आपल्या डीएनएमध्येच दुसरीकडे आहे आणि ती वाचनात गोंधळ घालते.

५. पुढे एखाद्या बदलाचे वर्गीकरण बदलले तर कळवाल का?

घरबसल्या मिळणाऱ्या ग्राहक-किटांविषयी माझे मत कडक आहे: या कामासाठी ती वापरू नयेत. त्यांतली बरीच किटे जनुक पूर्ण वाचत नाहीत, ठरावीक जागा तपासतात. त्यांचा कच्चा डेटा दुसऱ्या संकेतस्थळावर टाकून 'घातक बदल' शोधणारेही खूप आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अशा कच्च्या डेटात दाखवलेल्या बदलांपैकी ४० टक्के नीट तपासल्यावर अस्तित्वातच नव्हते. याच किटांत 'जठर कर्करोगाचा वाढीव धोका' म्हणून दाखवले जाणारे पीएससीए, एमयूसी१ किंवा पीएलसीई१ जवळचे बदल अगदी सामान्य आहेत आणि एकेकट्याने धोका थोडासाच हलवतात. त्यांच्यावरून कुणी शस्त्रक्रिया सुचवत नाही.

## पायरी ६: नमुना

ही पायरी सोपी आहे. रक्त देताना उपाशी राहावे लागत नाही. लाळ द्यायची असेल तर आधी अर्धा तास खाणे-पिणे, धूम्रपान, च्युइंगम बंद. नळीवरचे नाव व जन्मतारीख स्वतः वाचून घ्या.

एकच अपवाद जपायचा. दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झालेले असेल तर रक्तात दात्याचा डीएनए असतो. लाळेतही रक्तपेशी असतात, म्हणून तीही चालत नाही. रक्ताचा कॅन्सर सुरू असेल तरी निकाल गढूळ होतो. अशा वेळी त्वचेचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवतात. हे आधी सांगा, निकालानंतर नाही.

## पायरी ७: निकाल येईपर्यंत जंतू शोधा

निकालाला काही आठवडे लागतात. ते वाया घालवू नका.

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूला १९९४ मध्ये पहिल्या गटातला, म्हणजे निश्चित कर्करोगकारक ठरवले गेले. तो बहुधा लहानपणी घरातच एकाकडून दुसऱ्याला लागतो. घराण्यात जठराचा कॅन्सर असेल तर जनुकांचा निकाल काहीही येवो, पहिल्या नात्यातल्या प्रौढांनी हा जंतू आहे का ते तपासून घ्यावे. दक्षिण कोरियात पहिल्या नात्यातल्यांवर झालेल्या एका चाचणीत, २०२० मध्ये आलेल्या निकालानुसार, जंतूवर उपचार मिळालेल्या ८३२ जणांपैकी १० जणांना जठराचा कॅन्सर झाला; नुसत्या दिखाऊ गोळ्या मिळालेल्या ८४४ जणांपैकी २३ जणांना.

जनुक आणि जंतू एकमेकांना बळ देतात, हेही आता दिसले आहे. जपानमधल्या २०२३ च्या मोठ्या अभ्यासात एटीएम, बीआरसीए१, बीआरसीए२, पीएएलबी२ यांसारख्या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांत दोष असलेल्या जंतूबाधितांचा ८५ वर्षांपर्यंतचा धोका ४५.५ टक्के निघाला. दोष नसलेल्या जंतूबाधितांचा १४.४ टक्के होता. हे आकडे त्या लोकसंख्येचे आहेत, जसेच्या तसे स्वतःला लावू नका. पण वारशाने मिळालेले जनुक बदलता येत नाही आणि जंतू काढता येतो, एवढा हिशेब कुठेही लागू पडतो.

श्वासाची किंवा शौचाची चाचणी करताना आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असायला हवीत, नाहीतर जंतू असूनही 'नाही' येते. गोळ्या बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तपासा: उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेल्याची खात्री केली का? रक्तातल्या अँटिबॉडीच्या चाचणीने ही खात्री होत नाही. जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते.

## पायरी ८: रिपोर्ट वाचा, ठळक अक्षरे सोडून

रिपोर्टच्या माथ्यावरचा एक ठळक शब्द वाचून लोक कागद घडी घालून ठेवतात. आतला तक्ता वाचायचा असतो. प्रत्येक बदल पाच वर्गांत बसवलेला असतो: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. पहिल्या दोनांवर कृती होते. शेवटचे दोन बहुतेक प्रयोगशाळा छापतही नाहीत.

मधल्या वर्गाची गोष्ट वेगळी. रिपोर्टवर 'व्हीयूएस' अशी अक्षरे असतात. पॅनेल जितके मोठे तितके असे बदल जास्त सापडतात, आणि पुढे उलगडा झालेल्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी ठरतात. व्हीयूएसवरून जठर काढायचे नाही, वाढीव देखरेख ठरवायची नाही, आणि तोच बदल भावंडांत शोधून 'तुझ्यातही आहे' असे घाबरवायचेही नाही. अशा वेळी निर्णय वंशावळीवरून घ्यायचा. सीडीएच१ मध्ये हे विशेष लक्षात ठेवा: प्रथिनातले एकच अक्षर बदलणारे, 'मिसेन्स' म्हणवले जाणारे बदल त्यात बरेच सापडतात, आणि जनुकाचे तुकडे जोडून प्रथिनाचा संदेश तयार होण्याच्या क्रियेवर (स्प्लायसिंग) परिणाम होत असल्याचा पुरावा नसेल तर तज्ज्ञ त्यांना सहसा रोगकारक धरत नाहीत.

निगेटिव्ह निकालाचे दोन प्रकार पायरी ४ मध्ये आलेच. आणखी एक सांगायला हवे: निकष पूर्ण करणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांतही सीडीएच१ मध्ये दोष सापडत नाही. आजारी व्यक्तीचीच चाचणी निगेटिव्ह आली म्हणून घराण्याचा धोका मिटत नाही. पहिल्या नात्यातल्यांची एंडोस्कोपी कधी आणि किती वेळा, हे मग वंशावळ पाहून ठरते.

तपासा: रिपोर्टवर बदलाचे पूर्ण शास्त्रीय नाव आहे का? जनुकाचे नाव आणि पुढची अक्षरे-आकडे, सगळे. पायरी १० मध्ये तेच लागते.

## पायरी ९: पॉझिटिव्ह आल्यावर, जनुकाप्रमाणे

'जनुक पॉझिटिव्ह' या एका शब्दाखाली फार वेगवेगळे धोके येतात. लिंच सिंड्रोममध्ये मुख्य काळजी मोठ्या आतड्याची असते; जठरासाठी ३० ते ४० च्या दरम्यान सुरू करून दर २ ते ४ वर्षांनी एंडोस्कोपी सुचवली जाते, ती कोलोनोस्कोपीबरोबरच उरकता येते. एसटीके११, एसएमएडी४, टीपी५३, एपीसी यांचे वेळापत्रक वेगवेगळे असते. ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सीडीएच१ वर जास्त थांबायला हवे. इंटरनेटवर आजही जुने आकडे फिरतात: ८० वर्षांपर्यंत पुरुषांना ७० टक्के आणि स्त्रियांना ५६ टक्के धोका, हा २०१५ चा अंदाज. तो ज्या घराण्यांत कॅन्सरची रांग लागली होती त्यांच्यावरून काढला होता. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात हेच आकडे ४२ आणि ३३ वर आले, आणि नंतरच्या कामात आणखी खाली. तुमच्या घरात जठराचा एकही कॅन्सर नसताना पॅनेलमध्ये हा दोष अवचित सापडला असेल, तर तुमचा धोका कॅन्सर भरलेल्या घराण्याइतका धरू नका.

मार्गदर्शक सूचना सांगतात की घराण्यात डिफ्यूज जठर कर्करोग असलेल्या, रोगकारक सीडीएच१ दोषाच्या वाहकांनी साधारण २० ते ३० वयात पूर्ण जठर काढण्याचा विचार करावा. ज्यांना ते नको आहे किंवा आत्ता शक्य नाही, त्यांच्यासाठी दर वर्षी तज्ज्ञ केंद्रात एंडोस्कोपी. ही एंडोस्कोपी नेहमीची दहा मिनिटांची नव्हे. किमान अर्धा तास, दिसलेल्या प्रत्येक संशयास्पद जागेतून नमुने, आणि शिवाय जठराच्या सगळ्या भागांतून मिळून २८ ते ३० बायॉप्सी.

सावधान: 'एंडोस्कोपी स्वच्छ आली' हे सीडीएच१ मध्ये निर्णायक नाही. सिग्नेट रिंग पेशींचे सूक्ष्म पुंजके वरून निरोगी दिसणाऱ्या अस्तराखाली दडलेले असतात. एंडोस्कोपी व बायॉप्सी स्वच्छ असूनही खबरदारी म्हणून काढलेल्या जठरांपैकी बहुतेकांत ते सापडतात. दुसरीकडे, असा प्रत्येक पुंजका पुढे पसरतोच असेही नाही; म्हणूनच देखरेखीचा पर्याय आज पूर्वीपेक्षा मोकळेपणाने चर्चेत येतो.

शस्त्रक्रिया ठरली तर तीन गोष्टी आधी पक्क्या करा. पहिली, जठर पूर्ण निघाले पाहिजे. वरच्या कडेला अन्ननलिकेचे आणि खालच्या कडेला लहान आतड्याचे अस्तर आहे, जठराचे उरलेले नाही, अशी खात्री शस्त्रक्रियेदरम्यानच करून घेतात. अर्धे जठर ठेवून अर्धी शस्त्रक्रिया हा पर्याय यात नाही. दुसरी, आयुष्यभर बी१२ घ्यावे लागते, आणि लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वावर लक्ष ठेवावे लागते. तिसरी, पहिल्या वर्षात वजन बरेच उतरते, थोडे थोडे आणि अनेकदा खावे लागते, जेवणानंतर घाम-धडधड-चक्कर येऊ शकते. आहारतज्ज्ञाची भेट शस्त्रक्रियेच्या आधी घ्या. आधीच ही शस्त्रक्रिया झालेल्या कुणाशी बोलायला मिळाले तर ती संधी सोडू नका.

सीडीएच१ दोष असलेल्या स्त्रियांनी जठराच्या धांदलीत स्तनांकडे दुर्लक्ष करू नये. लोब्युलर कॅन्सर मॅमोग्राममधून निसटतो, म्हणून साधारण तिशीपासून दर वर्षी एमआरआय सुचवतात.

## पायरी १०: नातेवाइकांना कळवा

दोष सापडला की त्या व्यक्तीच्या प्रत्येक भावंडाला आणि मुलाला तो असण्याची शक्यता बहुतेकदा पन्नास टक्के असते. त्यांना पूर्ण पॅनेलची गरज सहसा नसते. सापडलेला तेवढाच बदल शोधणारी चाचणी पुरते, आणि ती स्वस्तही पडते. मात्र त्यांच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे उदाहरणार्थ आईकडेही, कॅन्सर असतील तर एकाच बदलाची चाचणी अपुरी आहे.

फोनवर सांगू नका. तिसऱ्या तोंडी जाईपर्यंत 'सीडीएच१'चे काहीतरी भलतेच होते. समुपदेशकाकडून एक पानाचे पत्र घ्या: जनुक, बदलाचे पूर्ण नाव, प्रयोगशाळा, काय चाचणी मागायची. रिपोर्टची प्रत जोडा. कुणाला जाणून घ्यायचे नसेल तर पत्र बंद पाकिटात देऊन ठेवा. उघडायचे की नाही ते त्या माणसाने ठरवावे, आणि कधी याचीही घाई करू नये.

लहान मुलांची चाचणी सीडीएच१ साठी सहसा करत नाहीत. सज्ञान होण्याच्या सुमारास, त्यांच्या संमतीने करतात. एपीसी, एसएमएडी४, एसटीके११ किंवा टीपी५३ असेल तर लहानपणापासूनच देखरेख लागू शकते, तिथे चाचणीही लवकर होते. 'मुलांना मोठं होऊ द्या' हे उत्तर म्हणून प्रत्येक जनुकाला सारखे लावू नका.

आणि फाइलच्या पहिल्या पानावर एक तारीख लिहा: दोन वर्षांनंतरची. त्या दिवशी प्रयोगशाळेला दोनच प्रश्न विचारायचे: आमच्या बदलाचे वर्गीकरण बदलले का, आणि निगेटिव्ह आलेल्यांसाठी पॅनेलमध्ये नवी जनुके आली का. दरम्यान घरात नवा कॅन्सर निघाला असेल तर वंशावळीत त्याची भर घालून समुपदेशकाला तारखेची वाट न पाहता भेटा.